सुहासिनी बोलतेय

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मेल आली. ‘आपली कंत्राटी सेवा आजच्या दिनांकापासून संपुष्टात येत आहे.’ पाच ओळींत सतरा वर्षं. मी ती मेल उभ्याने वाचली, मग बसून वाचली, मग चष्मा पुसून वाचली. मजकूर तोच राहिला.

एकट्या मलाच नाही, सागर-हवामान केंद्राचं वसईचं उपकेंद्रच बंद केलंय. किनाऱ्यावरची आणखी चार गेली. समुद्रात सोडलेली मापनयंत्रं दुरुस्त करायला माणूस नाही, भरती बंद आहे, हे वर्षभर ऐकत होतेच. पण ते दुसऱ्यांचं आहे असं वाटायचं. हर्षवर्धन, आमचा शास्त्रज्ञ, वयाने माझ्या भाच्याएवढा. त्यालाही आजच कळलं. त्याची बदली मुंबईच्या मुख्यालयात. तो माझ्याकडे न बघता कपाटातल्या फायली काढत होता.

माझं काम तसं लहान. रोज पहाटे आचोळ्याहून रिक्षाने वसईला जायचं, साडेपाचला माईकसमोर बसायचं आणि हर्षवर्धनने दिलेला कागद वाचायचा. वारा किती, लाटा किती, समुद्रात जावं की जाऊ नये. सहा वाजता तो संदेश नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत मच्छिमारांच्या फोनवर आणि बंदरावरच्या भोंग्यावर वाजतो. ‘नमस्कार, सागर-हवामान केंद्रातून सुहासिनी बोलतेय.’

पहिल्याच दिवशी तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं, बाई, आपण माहिती द्यायची, भीती नाही. मी ते गाठीशी बांधलं. वादळ असो की निवांत पाणी, सतरा वर्षं एका सुरात वाचलं. आवाज कधी हलू दिला नाही. याचा मला अभिमान आहे. दैनंदिनीत खोटं कशाला लिहू, गर्वच आहे.

निघताना हर्षवर्धनला विचारलं, ‘उद्या कोण वाचणार?’

‘सोय झालीय मॅडम,’ म्हणाला.

आत्माराम, माझा नवरा, संध्याकाळी सातिवलीहून आला. तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे, आणि खोकी सोडून त्याला काहीच पटकन सुचत नाही. ऐकून म्हणाला, ‘म्हणजे उद्या सकाळचा चहा आपण दोघं एकत्र घेणार.’ मला इतका राग आला की रडू आलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

घडलं तसं लिहिते.

सवयीने साडेचारला जाग आली. चहा झाला. सहाला माझा फोन वाजला. माझा नंबरही त्या यादीत आहे, आवाज नीट जातो की नाही ते बघायला मीच घातला होता. उचलला.

‘नमस्कार, सागर-हवामान केंद्रातून सुहासिनी बोलतेय.’

मी. माझाच आवाज. आजची तारीख, आजचा वारा, आजच्या लाटा. मी जन्मात न वाचलेला संदेश मी वाचत होते. आत्मारामच्या हातातली बशी तशीच राहिली. ‘तू इथे आहेस, मग ही कोण?’ म्हणाला. आपण मेलोबिलो की काय, असंही एकदा वाटून गेलं. वेड्यासारखं आहे, पण वाटलं.

संदेश पुन्हा वाजवला. ‘सात’ ऐकला तेव्हा उलगडलं. तो ‘सात’ किंचित सर्दीचा आहे. मार्चमध्ये मुख्यालयाने मला दोन दिवस बोलावलं होतं. गाद्या लावलेल्या बंद खोलीत बसवून शून्य ते शंभर आकडे, दिशा, गावांची नावं आणि इशाऱ्याची सगळी वाक्यं वाचून घेतली. मला सर्दी होती, तर गरम पाणी दिलं. जेवण छान होतं. शेवटी एक कागद पुढे केला, त्यावर मी सही केली. जुना आवाज जपून ठेवायचा आहे, असं म्हणाले होते. मला वाटलं, आपला गौरवच चाललाय.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

वसईच्या ऑफिसात जाऊन आले. हर्षवर्धन खोक्यांत पुस्तकं भरत होता. मी पुष्कळ बोलायचं ठरवून गेले होते, पण त्याचा चेहरा बघून निम्मं गिळलं. तो म्हणाला, ‘आकडे संगणक भरतो, आवाज तुमचा लागतो. कागदावर तसं लिहिलंय मॅडम. सगळं कायदेशीर आहे.’ मग हळूच, ‘कुणाला फरकसुद्धा कळला नाही. एकही तक्रार नाही.’

खरं सांगायचं तर या शेवटच्या वाक्याने मला थोडं बरं वाटलं. मी इतकी एकसुरी वाचायचे की मशीनला माझी जागा घेताना अडचण आली नाही. घरी येऊन आत्मारामला हे सांगितलं तर तो हसला. ‘एकसुरी? तू साखर संपली सांगतेस तेव्हा मला वाटतं नात्यातलं कुणी गेलं.’ त्याला विनोदाची वेळ कळत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

वसईच्या मासळी बाजारात मर्सी भेटली. पाचूबंदरची. तिचा नवरा बेसिल आणि दीर केनी यांची एक बोट आहे. उपकेंद्राच्या सुरुवातीच्या सभेत तिने मला बोंबलाचं कालवण खिलवलं होतं, तेव्हापासूनची ओळख. तिच्याकडून मासळी घेतली की ती वर मूठभर घालतेच.

‘सुहासबाय, हल्ली तुजी तब्येत बरी दिसते. रोज सकाली एकदम गोड बोलतेस. बेसिल पन म्हनला, बायला आता काय टेन्शन नाय.’

मी तिला सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, मर्सी, ती मी नाही गं, मला काढलं. पण बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. काढलं हा शब्द भर बाजारात म्हणवेना. ‘हो, बरी आहे,’ म्हणाले.

‘तुजा आवाज ऐकला की बेसिल ठरवतो जायचा का नाय,’ ती म्हणाली आणि चार बोंबील जास्त घातले. मी ते घेतले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

भाऊबीज तेवढी राहिलीय, बाकी दिवाळी पार पडली. सगळ्यांनी विचारलं, नोकरी कशी चाललीय, आणि मी सगळ्यांना ‘चाललीय’ म्हणाले. तसं ते खोटं नाही. रोज सकाळी सहाला मी कामावर असतेच. आता चहाबरोबर संदेश ऐकायची सवय झालीय. ‘नैर्ऋत्य’ जरा तुटतं. बाकी स्वच्छ.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आजचा संदेश कडक होता. ‘वाऱ्याचा वेग ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर. समुद्र खवळलेला राहील. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.’ मी कान देऊन ऐकला. एक अक्षर चुकलं नाही, कुठे अडखळणं नाही. मी असते तर हेच आणि असंच वाचलं असतं. केंद्राने माणसं काढली तरी इशारा वेळेवर दिला, हे कबूल केलं पाहिजे.

दुपारी दोननंतर वारा सुटला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे पत्रे उडाले, आमच्या खिडकीची काच गेली. आत्माराम कारखान्यातून लवकर आला. मी निर्धास्त होते. म्हटलं, सकाळीच सांगितलंय, बोटी बांधलेल्या असणार.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सकाळी मर्सीचा फोन. आधी नुसता श्वास. मग म्हणाली, ‘बाय, तू का नाय सांगलास?’

काल पाचूबंदरातून चार बोटी गेल्या होत्या. दिवाळी संपली की लोक मासळीवर तुटून पडतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी गेल्या. तीन परत आल्या. बेसिल आणि केनीची आली नाही.

मी म्हणाले, ‘मर्सी, सांगितलं होतं. पंचावन्नचा वारा सांगितला होता. जाऊ नये, असं स्पष्ट सांगितलं होतं.’

‘तू नाय सांगलास,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी कालचा संदेश पाच वेळा वाजवला. शब्द न् शब्द बरोबर आहे. मग ही बाई असं का म्हणते? दुःखात माणसाला भान राहत नाही, असं आत्माराम म्हणतो. तसंच असेल. तरी दिवसभर काही खाल्लं नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

न राहवून पाचूबंदरला गेले. लिहावंसं वाटत नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी ते स्वतःपासून लपवीन.

जेट्टीवर तीसेक माणसं बसली होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मर्सी भिंतीला टेकून. तिच्या शेजारी बेसिलची आई, ग्रेसीमावशी, हातात जपमाळ. मी सरळ त्यांच्यासमोर बसले आणि फोनवर तो संदेश लावला. मला वाटलं, ऐकला की त्यांची खात्री पटेल. आता लिहितानाही स्वतःची लाज वाटते.

संदेश संपल्यावर ग्रेसीमावशी म्हणाली, ‘बग, किती शांत बोललीस.’

‘अहो, पण आकडे ऐका ना. पंचावन्न म्हटलंय.’

‘आकडे कोन ऐकतो, बाय? आकडे रोज येतात. कदी सांगतात पन्नास, आन् पानी हलत पन नाय. आमी तुना ऐकतो.’

मला कळेना. तेव्हा मागे जाळं घेऊन बसलेला एक जण म्हणाला, ‘खराब पानी आसला की तू मच्छिमारांनी म्हनायच्या आदी थांबतेस. श्वास घेतेस. आन् जाऊ नये म्हनताना तुजा गला बसतो.’ आणि त्याने तसं म्हणून दाखवलं. हुबेहूब मी. मग दुसऱ्याने करून दाखवलं. एका म्हातारीनेसुद्धा. कुणीही हसलं नाही. सगळ्या बंदराला माझी भीती तोंडपाठ आहे आणि मलाच ती माहीत नव्हती.

तीन वर्षांपूर्वीची एक सकाळ त्यांनी सांगितली. आकडे साधे होते, पण माझा गळा भरून आला होता, म्हणून कुणी गेलं नाही, आणि त्या दुपारी वादळ झालं. मला आठवलं. त्या दिवशी हर्षवर्धन कागद देताना म्हणाला होता, मॅडम, नकाशा मला आवडत नाहीये. तेवढंच. मी तर सपाट वाचलं होतं. मला वाटत होतं, मी सपाट वाचलं.

सतरा वर्षं मी ज्या गोष्टीचा गर्व केला ती कधी नव्हतीच. आणि जी होती तिच्या भरवशावर ही माणसं जगत होती. मार्चमध्ये त्या गार खोलीत, पोटभर जेवून, मी ‘समुद्रात जाऊ नये’ म्हटलं होतं. तेव्हा कुणीच समुद्रात जाणार नव्हतं. भीती यायची कुठून?

मी म्हणाले, ‘ती मी नव्हते. मला सहा तारखेला काढलं. तो मशीनचा आवाज आहे.’

कुणीतरी शिवी दिली, मला नाही, केंद्राला. मर्सी मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बाजारात भेटलीस ना मना.’

एवढंच. मी तिथून उठले, कशी ते आठवत नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

केनी जिवंत आहे. डहाणूच्या एका बोटीला तो रिकाम्या डिझेलच्या कॅनला मिठी मारून तरंगताना मिळाला. बेसिल नाही. केनीने सांगितलं म्हणे, बोट उलटायच्या आधी बेसिल दोनदा म्हणाला, बाय तर कायच बोलली नाय.

केंद्राने पत्रक काढलंय. ‘इशारा वेळेवर व अचूक देण्यात आला होता.’ ते खरंच आहे. मी ते हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे, आत्मारामने येऊन दिवा लावला.

रविवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. वसईच्या दफनभूम्यांत सगळीकडे मेणबत्त्या आणि फुलं. ग्रेसीमावशीने मेणबत्ती आणली होती, पण मर्सीने लावू दिली नाही. ‘अजून मिलाला नाय,’ म्हणाली आणि चर्चमधला मिस्सा संपल्यावर सरळ जेट्टीवर जाऊन बसली. मी हे लांबून पाहिलं. जवळ जायचं धाडस झालं नाही. मी बाजारात तीन शब्द बोलले असते तर आज ती घरी असती, हे आता मला कुणी सांगायची गरज नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मुख्यालयातून बोलावणं. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलीय. हर्षवर्धनने फोन केला. इशाऱ्याची वाक्यं पुन्हा ध्वनिमुद्रित करायची आहेत, या वेळी ‘योग्य त्या भावनेसह’. आत्माराम म्हणाला, अजिबात जाऊ नकोस. मी गेले. मी नाही म्हटलं असतं तर उद्याही तीच गोड सुहासिनी बोलली असती.

तीच खोली. काचेपलीकडे एक मुलगी कानाला यंत्र लावून बसलेली. ‘मॅडम, थोडी काळजी येऊ द्या.’ मी काळजी आणली. ‘आता जरा जास्त झाली.’ मी कमी केली. ‘मच्छिमारांनीच्या आधी थांबा.’ थांबले. नाटकातली बाई बोलावी तसं सगळं. बेसिलला आठवलं, तर नुसतं रडू आलं, आणि रडणं त्यांना नको होतं. एकतीस वेळा म्हटलं. शेवटी त्यांनी चौदावं निवडलं. हर्षवर्धन काचेपलीकडे मान खाली घालून उभा होता. त्यालाही कळत होतं की चौदावंही तसलंच आहे. कागद पुढे आला. मी तो संपूर्ण वाचला, कळला, आणि सही केली. का केली ते विचारलं तर मला सांगता येणार नाही. काहीच नसण्यापेक्षा खोटी भीती तरी, असं काहीतरी मनात होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सहाला संदेश आला. वारा पंधरा ते वीस, समुद्र साधारण. सहा वाजून तीन मिनिटांनी दुसरा फोन. केनी.

‘बाय, ही तू का ती?’

‘ती.’

‘मग तू सांग. जाऊ का?’ शेजारचे त्याला त्यांच्या बोटीवर नेणार होते. उरलेल्या तिन्ही बोटी थांबून आहेत, म्हणाला.

माझ्याकडे नकाशा नाही, कागद नाही, हर्षवर्धन नाही. जे आकडे त्याने ऐकले तेच मी ऐकले. आकडे चांगले होते. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, श्वास थांबला, गळा बसला. ‘जाऊ नका,’ म्हणाले.

‘बास,’ केनी म्हणाला.

समुद्र दिवसभर साधारण होता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजही फोन आला. आजही ‘जाऊ नका’ निघालं. मी म्हणणार होते, आकडे चांगले आहेत, जा. मनात घोकूनही ठेवलं होतं. पण ते जेट्टीवरून निघताहेत असं डोळ्यांसमोर आलं आणि संपलं. आत्माराम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ऊन होतं, झाडाचं पान हलत नव्हतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

चौथा दिवस. बोटी कालपर्यंत बांधलेल्याच. इतर बंदरांच्या बोटी भरून येताहेत असं ऐकलं.

आज सहा वाजून तीन मिनिटांनी केनीच्या फोनवरून मर्सी बोलली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘बाय,’ ती म्हणाली, ‘आदी तू खराब दिवशी घाबरायचीस. आता तू रोज घाबरतेस.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘मला आता रोजच भीती वाटते, मर्सी.’

मागे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी इंजिन चालू करून बघत होतं.

‘मग आमी आता कुनाचा ऐकायचा?’ तिने विचारलं.

तिने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला. नऊ वाजता कळलं, तिन्ही बोटी गेल्या. केनीही गेला. आता दुपारचे चार वाजलेत आणि मी खिडकीत बसून लिहितेय.